‘ती दर वेळी वेगळं सांगते’

‘मॅडम, खोटं बोलतेय का ती?’ हडपसरच्या एका आईनं विचारलं. असे पालक नेहमी येतात. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सहा वर्षांची. व्हॅनच्या काकांबद्दल ती एकदा आईशी बोलली. मग बाबांनी विचारलं, आजीनं विचारलं, मावशीनं फोनवरून विचारलं. बाबांनी तर मोबाइलवर रेकॉर्डही केलं.

त्यातच उत्तर होतं. ‘काकांनी पुढच्या सीटवर बसवलं ना?’ ‘हो.’ ‘नक्की? नीट आठव.’ ‘नाही... मागच्या.’ सगळा घोटाळा त्या ‘ना’चा. तो लावला की उत्तर आपणच देऊन टाकतो, मूल नुसती मान डोलावतं. आणि तेच पुन्हा विचारलं की त्याला वाटतं, मघाचं चुकलं. वर्गात बाई पुन्हा विचारतात त्या चुकल्यावरच की!

आईचा पुढचा प्रश्न, ‘जबाबाआधी पढवून ठेवू का?’ अजिबात नाही. ती आपणहून जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा; त्याआधी तुम्ही काय विचारलंत तेही लिहा. रेकॉर्डिंग पुसू नका, नातेवाइकांना पाठवू नका. पोलिसांत कळवणं पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कलम 19 नुसार बंधनकारकच आहे. कुठून सुरुवात करायची कळत नसेल तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा.

जबाबाआधी मुलीशी बोलताना आम्ही घटनेचा विषय काढलाच नाही. सराव केला तो ‘माहीत नाही’ म्हणण्याचा. ‘माझ्या मांजरीचं नाव काय?’ तिनं ठोकून दिलं, ‘मनी.’ ‘तू पाहिलंयस तिला?’ ‘नाही.’ ‘मग काय म्हणायचं?’ हे नुसतं समजावून भागत नाही, करूनच घ्यावं लागतं. नंतर सकाळी उठल्यापासून इथे येईपर्यंतचं सगळं तिला सांगायला लावलं. मध्ये फक्त ‘मग काय झालं?’ आणि तिच्या प्रत्येक उत्तरानंतर मनात दहा आकडे. मोठ्यांना हेच जमत नाही.

पॉक्सोच्या कलम 24 प्रमाणे जबाब घरीच झाला, महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत आल्या. आईला मुलीच्या मागे बसवलं, चेहरा दिसू नये म्हणून. मुलं आईच्या भुवया वाचतात. ‘किती वेळा?’ असं त्यांनी विचारलं नाही, या वयात तो हिशेब जमत नाही. ‘एकदाच की जास्त वेळा?’ आणि मग ‘शेवटच्या वेळचं सांग.’

मुलगी तीनदा ‘माहीत नाही’ म्हणाली. आईचा जीव खालीवर झाला. उपनिरीक्षकांनी ते तिन्ही वेळा जसंच्या तसं लिहून घेतलं.