चिलवेलचा ऑफसाइड, पेरेझचा हात आणि कोवाचिचचं दुसरं पिवळं कार्ड

15 मे 2021 च्या एफए कप या इंग्लिश फुटबॉल स्पर्धेच्या फायनलबद्दल (लेस्टर 1, चेल्सी 0) तुमचे दोन प्रश्न आहेत: 89 व्या मिनिटाला चेल्सीच्या चिलवेलच्या चालीतून झालेली बरोबरी इतक्या बारीक ऑफसाइडवर (पास दिला त्या क्षणी आक्रमक शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे असण्यावर) का पुसली गेली, आणि लेस्टरच्या टीलेमान्सच्या गोलआधी त्याच्याच संघातल्या पेरेझच्या हाताला लागलेला चेंडू कसा चालून गेला. तिसरा प्रश्न आदल्या वर्षीच्या फायनलचा: आर्सेनलविरुद्ध चेल्सीच्या कोवाचिचला बाहेर काढलं तेव्हा व्हीएआर (खोलीत बसून रिप्ले पाहत रेफरीला मदत करणारा व्हिडिओ पंच) गप्प का होता? सोबत तुम्ही चिलवेलच्या ऑफसाइडवर रेषा मारलेला स्क्रीनशॉटही पाठवलात. राग तिन्ही वेळा व्हीएआरवरच निघतो, पण तिन्हींची कारणं अगदी वेगवेगळी आहेत.

आधी कोवाचिच, कारण ते सगळ्यात सोपं आहे. 1 ऑगस्ट 2020, 73 वं मिनिट, आर्सेनलच्या जाकाशी झटापट, दुसरं पिवळं कार्ड आणि बाहेर. व्हीएआर नियमावलीत आला तेव्हा त्याला चारच विषय दिले होते: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड. दुसऱ्या पिवळ्यातून आलेलं लाल कार्ड 'थेट' नव्हे, त्यामुळे रिप्ले समोर दिसत असूनही व्हीएआरला तोंड उघडायची परवानगीच नव्हती. माझ्या मते ते कार्ड फारच कडक होतं. पण ती चूक मैदानावरच्या रेफरीची आणि नियमाच्या चौकटीची, व्हीएआर खोलीची नाही.

2018 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये क्रोएशियाच्या वाट्याला हेच आलं. ग्रीझमन पडला, फ्रान्सला फ्री किक मिळाली आणि 18 व्या मिनिटाला चेंडू क्रोएशियाच्याच मांझुकिचच्या डोक्याला लागून त्याच्याच जाळ्यात गेला. तो फाउल होता का, यावर आजही वाद आहे. पण फ्री किक देणं हा निर्णय तपासायच्या यादीतच नव्हता. त्याच सामन्यात क्रोएशियाच्या पेरिसिचचा हँडबॉल मात्र पेनल्टीचा विषय होता, म्हणून रेफरी पिताना मॉनिटरपर्यंत गेला आणि 38 व्या मिनिटाला ग्रीझमनने गोल केला. म्हणून कोणत्याही वादात पहिला प्रश्न हाच विचारा: हा विषय व्हीएआरच्या कक्षेत होता का?

आता पेरेझ. चेल्सीच्या रीस जेम्सचा पास पेरेझच्या पायाला लागून हाताकडे उडाला, चेंडू लेस्टरच्या लूक थॉमसकडे गेला, त्याने टीलेमान्सला दिला, टीलेमान्स चेंडू घेऊन पुढे सरकला आणि लांबून वरच्या कोपऱ्यात मारला. गोल होता आणि हात लागला तो त्याच चालीत, म्हणजे विषय कक्षेत होता. अडचण नियमाच्या शब्दांत आहे. 2020-21 च्या नियमानुसार आक्रमण करणाऱ्या संघातल्या कुणाच्या हाताला चेंडू चुकूनही लागला आणि त्यातून 'लगेच' गोल झाला किंवा गोलची संधी तयार झाली, तर गुन्हा. सगळा भार 'लगेच' या शब्दावर आहे. हाताला लागल्यानंतर एक खेळाडू, एक पास, मग चेंडू घेऊन पुढे जाणं आणि दुरून फटका. एवढं मधे घडल्यावर ते 'लगेच' राहत नाही. राहिला मुद्दाम हात लावल्याचा प्रश्न. स्वतःच्याच पायावरून जवळून उडालेला चेंडू हाताला लागला तर तो मुद्दाम म्हणता येत नाही.

रेफरीच्या अंदाजावर अवलंबून असलेल्या निर्णयात व्हीएआरला 'हे बरोबर की चूक' असा प्रश्न विचारायचाच नसतो. प्रश्न असतो, 'ही स्पष्ट आणि ढळढळीत चूक आहे का?' आपण घरी बसून सहा कोनांतून पाहतो आणि आपलं मत साठ-चाळीस असतं. साठ-चाळीसला मैदानावरचा निर्णय कायम राहतो, मग तो कुणाच्याही बाजूचा असो. चेल्सीच्या चाहत्यांना हे पटत नाही हे मला कळतं, पण रेफरीने तिथे हँडबॉल दिला असता तरी तोही बहुधा असाच कायम राहिला असता.

आता चिलवेल, आणि इथे थोडा वेळ लागेल. थियागो सिल्वाने मागून चेंडू टाकला, बदली म्हणून आलेला चिलवेल त्यावर धावला, त्याने आत ढकललेला चेंडू अखेर लेस्टरच्या मॉर्गनला लागून जाळ्यात गेला. मैदानावर गोल दिला गेला. ऑफसाइडच्या जागेत 'ढळढळीत' हा निकष लागू नाही. जागा ही वस्तुस्थिती मानली जाते, एक सेंटिमीटर असो की एक मीटर. त्यासाठी रेफरीला मॉनिटरवर बोलावतही नाहीत. खोलीतून निर्णय कळवला जातो. म्हणून 'एवढ्याशा फरकासाठी गोल कसा रद्द करता' ही तक्रार त्या दिवशीच्या व्हीएआर पंचाकडे करून उपयोग नाही, त्याच्याकडे सूट द्यायचा अधिकारच नव्हता.

तक्रार करायची तर मोजमापाबद्दल करा, ती रास्त आहे. तेव्हाची पद्धत हाताने रेषा ओढायची होती. आधी ती फ्रेम निवडायची ज्यात पास देणाऱ्याचा पाय चेंडूला पहिल्यांदा लागतो. चेंडू पायावरून सुटल्याची फ्रेम नव्हे. मग शेवटून दुसऱ्या बचावपटूचा गोललाइनच्या सर्वांत जवळचा अवयव धरायचा, तिथून उभा लंब जमिनीपर्यंत टाकायचा आणि गोललाइनला समांतर रेषा घ्यायची. मग आक्रमकाचं तसंच. हात धरायचा नाही. हात काखेच्या खालच्या टोकाच्या पातळीला सुरू होतो, त्याच्या वरचा खांदा मात्र मोजला जातो.

चूक कुठे शिरते ते गणितानेच पाहा. कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये 0.02 सेकंद. सेकंदाला 8 मीटर वेगाने पळणारा खेळाडू तेवढ्यात 16 सेंटिमीटर सरकतो. बचावपटू त्याच क्षणी उलट दिशेला 4 मीटरच्या वेगाने बाहेर येत असेल तर आणखी 8. म्हणजे एका फ्रेमच्या फरकाने 24 सेंटिमीटरचा खेळ, आणि पाय चेंडूला लागण्याचा क्षण पुष्कळदा दोन फ्रेमच्या मधे कुठेतरी असतो. त्यात पळताना शर्ट फडफडतो, खांदा नेमका कुठे संपतो हे चित्रात धूसर दिसतं. एवढी अनिश्चितता असताना एका पिक्सेलच्या रेषेने निकाल लावणं मला तेव्हाही पटत नव्हतं. प्रीमियर लीगनेही पुढच्याच, म्हणजे 2021-22 च्या हंगामापासून जाड रेषा आणल्या: दोन्ही रेषा एकमेकींवर आल्या तर फायदा आक्रमकाला. तो बदल मागे जाऊन फायनलला लावता येत नाही.

तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर मारलेली रेषा मात्र विसरा. टीव्हीचा मुख्य कॅमेरा मधल्या रेषेजवळ उंचावर असतो, बचावफळीच्या सरळ रेषेत नाही. त्यामुळे चित्रात समांतर रेषा समांतर दिसत नाहीत आणि हवेतला खांदा जमिनीवर भलत्याच ठिकाणी पडतो. गवताच्या पट्ट्यांचा आधार घेतला तर पायांचा अंदाज येतो, झुकलेल्या धडाचा येत नाही. स्वतः तपासायचं असेल तर चेंडूला पाय लागल्याची फ्रेम आणि तिच्या आधीची-नंतरची अशा तीन फ्रेम शेजारी ठेवा. तिन्हींत उत्तर एकच येत असेल तर वाद संपला. बदलत असेल तर प्रकरण मोजमापाच्या मर्यादेत आहे, एवढंच ठामपणे म्हणता येतं. हँडबॉल किंवा टॅकल पाहताना उलट करा: संपर्क कुठे झाला ते संथ गतीत बघा, पण जोर किती होता आणि हात मुद्दाम होता का हे नेहमीच्या वेगातच. संथ गतीत प्रत्येक टॅकल क्रूर दिसतो आणि प्रत्येक हात मुद्दाम वाटतो. पंचांच्या सूचनाही याच आहेत.

2022 च्या कतार वर्ल्ड कपपासून ही फ्रेम निवडायची कटकट बरीच कमी झाली. तिथे छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे 29 बिंदू सेकंदाला 50 वेळा टिपले जात होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला 500 वेळा नोंद देत होता, त्यामुळे लाथेचा क्षण माणसाला शोधावा लागत नव्हता. प्रीमियर लीगमध्ये अशी अर्धस्वयंचलित ऑफसाइड मोजणी एप्रिल 2025 मध्ये आली. पण 'हा खेळाडू बचावपटूच्या वाटेत आला का' हे अजूनही माणूसच ठरवतो. 2024 च्या लिव्हरपूल-चेल्सी लीग कप फायनलमध्ये लिव्हरपूलच्या व्हॅन डाइकचा हेडर याच कारणाने रद्द झाला: ऑफसाइडला असलेल्या त्याच्या साथीदार एंडोने चेल्सीच्या कोलविलची वाट अडवली होती. तिथे रेफरीला मॉनिटर पाहावा लागला, कारण प्रश्न जागेचा नव्हता, अडथळ्याचा होता. त्या दिवशी फायदा चेल्सीला झाला होता, तरी 118 व्या मिनिटाला व्हॅन डाइकनेच पुन्हा हेडर मारून कप नेला.

2021 ची चेल्सीची हार मला विचाराल तर लेस्टरचा गोलकीपर श्माइकेलच्या हातांत शोधावी लागेल. चिलवेलचा हेडर त्याने खांबावर ढकलला, शेवटी माउंटचा फटका झेप घेऊन बाहेर काढला. त्या दोन्हींपैकी एक आत गेला असता तर कुणाला रेषा ओढायची गरजच पडली नसती.