रुग्णांचे हाल होत असताना नर्सनी संप करणं योग्य आहे का?

तुम्ही लिहिलंय की नर्सच्या संपामुळे तुमच्या वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं. दोन्ही वेळा गावाहून गाडी करून आणलं आणि उपाशीपोटी परत न्यावं लागलं. वाचून फार वाईट वाटलं. तुमचा राग अगदी रास्त आहे. मी सरकारी रुग्णालयात २६ वर्षं नोकरी केली, आधी अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स, आणि शेवटची काही वर्षं परिसेविका म्हणून. परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सनी संप केला, तेव्हा मीही मंडपात बसले होते. आयसीयू आणि लेबर रूम आम्ही पाळ्या लावून चालू ठेवली होती, तरी रात्री घरी झोप यायची नाही, कारण माझ्या वॉर्डात कोणत्या खाटेवर कोण आहे हे मला तोंडपाठ होतं.

‘यांना फक्त पगार वाढवून हवा असतो’ असं तुम्ही पुढे म्हटलंय. त्या संपाची मुख्य मागणी वेगळी होती. नर्सची पदं बाहेरच्या ठेकेदार कंपनीमार्फत भरू नका, कायम भरती करा, ही ती मागणी. भत्त्यांच्या मागण्या होत्या, नाही असं नाही. पण एवढ्या बायका घरदार सोडून उन्हात बसल्या त्या ठेक्याच्या मुद्द्यावर. ठेक्यावर आलेली मुलगी कामाला कमी नसते, उलट जास्तच राबते. पण तिला दुसरीकडे दोन हजार जास्त मिळाले की ती जाते. आज शिकवलं, चार महिन्यांनी नवी मुलगी. रात्री तीन वाजता रुग्णाचं हृदय बंद पडतं तेव्हा इमर्जन्सी ट्रॉलीच्या कोणत्या कप्प्यात अॅड्रिनलिन आहे हे हाताला ठाऊक असावं लागतं. आणि नोकरी कधीही जाईल अशी भीती असलेली मुलगी ‘सर, हा डोस मला जास्त वाटतोय’ असं डॉक्टरांना म्हणायला धजत नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

पण याच्याही मुळाशी एक आकडा आहे, आणि मला तुम्हाला खरं तर त्याच आकड्याबद्दल सांगायचंय. एका सिस्टरमागे किती रुग्ण?

एका रात्रीचं सांगते. रुग्णालयाचं नाव घेत नाही. सर्जरीचा पुरुष वॉर्ड, खाटा ३०, रुग्ण ४६. खाली गाद्या टाकून झोपवलेले धरून. रात्री ८ ते सकाळी ८ नाइट. मी एकटी, आणि सोबतीला एक मावशी. संध्याकाळच्या सिस्टरकडून ओव्हर घेतली, म्हणजे सगळ्या रुग्णांची माहिती समजून घेतली, तेव्हाच पावणेनऊ झाले होते.

आता हिशोब करा. ताप, नाडी, श्वास आणि ब्लड प्रेशर नीट घ्यायला एका माणसाला चार मिनिटं लागतात. ४६ गुणिले ४ म्हणजे १८४ मिनिटं. तीन तासांहून जास्त, फक्त एका फेरीला. त्यात रात्रीची इंजेक्शनं, सलाईन, ऑपरेशनच्या जागी लावलेल्या नळीतलं (ड्रेनमधलं) पाणी मोजणं, लघवीची नळी, नवीन अॅडमिशन, औषधांची मागणी लिहिणं, आणि केसपेपरवर सगळ्याची नोंद. मग वेळ कुठे वाचवायचा? श्वास मोजण्यात. श्वास मोजायला पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं. ताप थर्मामीटर सांगतो, प्रेशर मशीन सांगतं. श्वास मात्र सिस्टरच्याच डोळ्यांनी मोजावा लागतो. म्हणून कोणत्याही गर्दीच्या वॉर्डातला टीपीआर चार्ट, म्हणजे ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदीचा कागद उघडा, श्वासाच्या रकान्यात ओळीनं २०, २०, २० लिहिलेलं दिसेल. सगळ्या माणसांचे श्वास एकसारखे कसे असतील?

त्या रात्री मीही २० लिहिलं. पोटाचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले एक गृहस्थ होते. आतड्याला छिद्र पडलेलं. दहाच्या फेरीला ताप नव्हता, प्रेशर बरं होतं, ‘बरं वाटतंय सिस्टर’ म्हणाले. मी न मोजता २० लिहून पुढे गेले. दोन वाजता दुसऱ्या कोपऱ्यात एकाला रक्त लावायचं होतं. रक्त सुरू केल्यावर पहिली पंधरा मिनिटं तिथून हलायचं नसतं, गंभीर रिअॅक्शन बहुधा तेव्हाच येते. चार वाजता त्या गृहस्थांची बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली. ‘बाई, ह्यांना धाप लागलीय, मघापासनं.’ मी जाऊन मोजले. ३६. हात गार पडले होते. डॉक्टर धावत आले, आयसीयूत हलवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले. दहा वाजता मोजले असते तर वाचले असते असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण जंतुसंसर्ग रक्तात पसरू लागला की बऱ्याचदा प्रेशर पडण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो, हे मला शिकवलेलं होतं, मी स्वतः विद्यार्थिनींना शिकवत होते. त्या चार्टवरचा तो आकडा माझ्या अक्षरातला आहे. तो मी विसरलेले नाही.

मी त्या रात्री एकटी नसते, आम्ही पाच जणी असतो तर? पाच हा आकडा मी मनानं काढलेला नाही. भारतीय परिचर्या परिषद, म्हणजे नर्सिंगचे नियम ठरवणारी देशपातळीवरची संस्था, तिचा जुना निकष असा की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डात ३ खाटांमागे १ नर्स. तीन पाळ्यांत वाटलं की प्रत्येक पाळीला साधारण ९ रुग्णांमागे १, म्हणजे ४६ जणांना पाच. शिवाय रजा, आजारपण, बाळंतपण यांसाठी ३० टक्के जादा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एकास एक. निकष कागदावर आहे. तो मोडला म्हणून कोणाला जाब द्यावा लागल्याचं मी माझ्या २६ वर्षांत पाहिलं नाही. माणूस दगावला तर मात्र पहिली नोटीस त्या पाळीच्या सिस्टरला येते.

यावर परदेशात पक्कं संशोधन झालंय, आणि ते आपल्याकडे प्रत्येक नर्सला आणि प्रत्येक नातेवाइकाला माहीत असायला हवं असं मला वाटतं. अमेरिकेत लिंडा एकन नावाच्या बाई आहेत. स्वतः नर्स, नंतर संशोधक. त्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांतल्या सव्वादोन लाखांहून जास्त ऑपरेशनच्या रुग्णांची माहिती तपासली आणि २००२ मध्ये निष्कर्ष छापले. नर्सवर सरासरी एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. नर्समागे ४ रुग्ण असलेलं रुग्णालय आणि ८ असलेलं रुग्णालय यांत फरक ३१ टक्के. त्यांचे ४ आणि ८! माझे ४६ त्या अभ्यासाच्या तक्त्यात बसणारच नाहीत. पुढे युरोपातल्या ९ देशांतल्या ३०० रुग्णालयांत असाच अभ्यास झाला, २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही एका जादा रुग्णामागे ७ टक्केच निघाले. पदवीधर नर्सचं प्रमाण जास्त तिथे मृत्यू कमी, हेही त्यात दिसलं.

‘एवढ्या नर्स नेमायला पैसा कुठून आणायचा’ असं कोणीतरी विचारणारच. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं २०१६ मध्ये नियम केला: दिवसा ४ रुग्णांमागे १ नर्स, रात्री ७ मागे १. नियम लागू झालेली आणि न झालेली रुग्णालयं शेजारी ठेवून तपासली, तर लागू झालेल्या ठिकाणी मृत्यू कमी झाले, घरी गेलेले रुग्ण पुन्हा भरती होणं कमी झालं, खाटेवरचे दिवस कमी झाले. यातून वाचलेला पैसा जादा नर्सच्या खर्चाच्या दुप्पट निघाला. कॅलिफोर्नियात तर १९९९ पासून यावर कायदाच आहे, २००४ पासून तो लागू झाला, आणि त्यासाठी तिथल्या नर्स वर्षानुवर्षं भांडल्या होत्या.

आपल्याकडे २०२३ मध्ये संसदेनं नर्सिंगसाठी नवा आयोग नेमणारा कायदा केला, १९४७ च्या कायद्याच्या जागी. चांगली गोष्ट आहे. पण त्याचा भर शिक्षण, परीक्षा आणि नोंदणीवर आहे. वॉर्डातल्या रात्रीच्या आकड्याला कायद्याचा आधार अजून हवाच आहे.

पुरेशी माणसं आणि पुरेशी माया असली की नर्सिंग काय करतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली नर्स. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. मे २०१५ मध्ये ती गेली. त्या ४१ वर्षांहून जास्त काळात केईएमच्या नर्सच्या पिढ्यांनी तिला सांभाळलं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिच्या दयामरणाच्या खटल्यात निकाल देताना या सेवेचा मोठ्या आदरानं उल्लेख केला. बहुतेक लोक इथे दयामरणावर बोलतात. मला आठवतो तो बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम. इतकी वर्षं खिळलेल्या बाईच्या पाठीला त्यांनी जखम होऊ दिली नाही. त्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, चादरीची चुणीसुद्धा राहू द्यायची नसते. औषधानं हे होत नाही, मोकळ्या हातांनी होतं. माझ्या वॉर्डात ४६ जणांपैकी हलता न येणारे सहा असले की दोन तासांचा नियम चार तासांवर जायचा, आणि आठवड्याभरात कोणाच्या तरी माकडहाडापाशी लालसर चट्टा दिसायचा. तो पाहून जे वाटायचं ते मला शब्दांत सांगता येत नाही.

खासगीतल्या मुलींबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या आदेशानंतर केंद्रानं समिती नेमली. तिची शिफारस अशी की अगदी छोट्या रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी देऊ नये आणि २०० हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या मुली मला फोन करतात. एकीला १२ हजार मिळायचे आणि मूळ प्रमाणपत्रं मालकानं कपाटात ठेवून घेतलेली. आता ती परदेशी जायला जर्मन भाषेची परीक्षा देतेय. रमाबाई रानड्यांनी शंभर वर्षांपूर्वी सेवासदनातून बायकांना नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोक नावं ठेवायचे. आता नावं कोणी ठेवत नाही, पण टिकून राहावं असं या मुलींना वाटेल असंही आपण काही ठेवलेलं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. संप योग्य आहे का? माझ्या मते हो, पण निवेदनं, काळ्या फिती, एक तासाचं कामबंद, मंत्रालयाच्या फेऱ्या, हे सगळं करून झाल्यावर, आणि आयसीयू, लेबर रूम, कॅज्युअल्टी उघडी ठेवून. संपात वॉर्ड शिकाऊ मुलींवर सोपवतात ते मला अजिबात मान्य नाही, आणि त्याचा दोष आमच्या संघटनांनीही थोडा घ्यायला हवा, कारण कोणता रुग्ण थांबू शकतो आणि कोणता नाही याची यादी आम्हीच आधी करून द्यायला हवी होती. तुमच्या वडिलांना निदान एक फोन तरी जायला हवा होता. तो गेला नाही, ही चूक आहे.

आता नवी तारीख मिळाली असेल. वडिलांना भरती कराल तेव्हा वॉर्डाच्या टेबलापाशी जाऊन शांतपणे विचारा, ‘सिस्टर, आज रात्री किती रुग्ण आहेत आणि तुम्ही कितीजणी?’ भांडायला म्हणून नव्हे. तो आकडा लिहून घ्या आणि अधीक्षकांना लेखी विचारा, आमदारांना विचारा. आम्ही विचारलं की ती नोकरदारांची मागणी होते, तुम्ही विचारलं की दखल वेगळी घेतली जाते.

आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन रात्री तुम्ही शेजारी असालच. वडील झोपले की पांघरूण जरा खाली करा, घड्याळ लावा आणि छाती किती वेळा वर येते ते पूर्ण एक मिनिट मोजा. त्यांना सांगू नका, सांगितलं की माणूस श्वास बदलतो. १२ ते २० असेल तर निवांत बसा. २० च्या वर गेला तर अर्ध्या तासानं पुन्हा मोजा. २५ किंवा त्याहून जास्त आला तर वाट बघू नका, सिस्टर कितीही घाईत दिसली तरी तिला हाताला धरून आणा.