जुनी ५ एचपीची मोटर काढून जास्त कार्यक्षमतेची घेतली तर वीज किती वाचेल?

मोटरीला हात लावायच्या आधी पाइप बघा. हेच मी आमच्या दादाला दोन वर्षं सांगत होतो.

विहिरीवरची आमची ५ एचपी २०० लिटरचं पिंप ४० सेकंदांत भरायची. दादाचं म्हणणं, पाणी कमी म्हणजे मोटर कमी. आणली साडेसातची. पिंप भरायला लागले ३५ सेकंद. एवढ्यासाठी अडीच एचपी जास्त! मी तासभर मीटरसमोर बसलो. ६ युनिट. विहिरीतल्या पाण्यापासून पाइपाच्या तोंडापर्यंत उंची १८ मीटर. सेकंदाला ५.७ लिटर गुणिले १८ गुणिले ९.८१, म्हणजे साधारण १००० वॅटचं काम. त्यासाठी ६००० वॅट ओढले जात होते.

काही मोटर-पंपातच जातात, ते जाणारच. पण ५०० फूट अडीच इंची पाइप, सात एल्बो (पाइपाची काटकोनी वळणं) आणि निम्मा बुजलेला फूटव्हॉल्व्ह (विहिरीतल्या टोकाची, पाणी उलटं जाऊ न देणारी जाळीची झडप)? त्याच पाइपातून दुप्पट पाणी ढकलायचं तर घर्षण जवळजवळ चौपट होतं. वर दादानं धार जोरात दिसावी म्हणून पाइपाचं तोंड हौदाच्या ६ फूट वर धरलेलं. ते ६ फूट मोटर फुकट चढवत होती.

दादा आठवडाभर बाहेरगावी गेला तेव्हा मी तीन इंची पाइप टाकला, एल्बो कमी केले, तोंड खाली आणलं, फूटव्हॉल्व्ह घासला आणि जुनी ५ एचपीच परत बसवली. पिंप ३३ सेकंदांत, तासाला ४ युनिट. दादा म्हणतो, फूटव्हॉल्व्ह साफ झाला म्हणून. अजून तेच म्हणतो.

तुमचं विचाराल तर, मोटर ८० टक्क्यांवरून ८८ वर गेली तरी ११ युनिटांत १ वाचतं. तेही पंप तुमच्या उंचीला जुळणारा असेल तर. जळून दोन-तीनदा रिवाइंडिंग झालेली (आतली तार नव्यानं गुंडाळलेली) असेल तर मात्र खुशाल बदला. आणि पाणी वाढलं तर मोटर लवकर बंद करा, नाहीतर बिल तेवढंच.

हो, उंची कमी केली की अँपिअर चढू शकतात, अँपिअर मीटरवर लक्ष ठेवा. पाइपाचं तोंड पाण्यात बुडवू नका. फूटव्हॉल्व्ह गळका निघाला तर मोटर बंद झाल्यावर पाणी उलटं विहिरीत जातं. आमचा अर्धा हौद असाच एका रात्रीत गेला, आणि नेमका त्या दिवशी दादा घरी होता.