वायोमिंगसारख्या छोट्या राज्याचा अमेरिकेवर खरंच काही प्रभाव पडला आहे का?

हो, आणि चांगलाच पडला आहे. बायकांना मताचा हक्क देण्यात वायोमिंग सगळ्या देशाच्या पुढे होतं. राज्याचा दर्जा मिळण्याआधीच, १० डिसेंबर १८६९ रोजी, तिथे तसा कायदा झाला. त्यामागे तत्त्व होतंच, पण गरजही होती. त्या ओसाड मुलखात बायका फारच कमी, त्यांनी येऊन वसावं अशीही इच्छा होती.

६ सप्टेंबर १८७० ला लॅरमी गावात ६९ वर्षांच्या लुइझा स्वेन सकाळीच घराबाहेर पडल्या. अंगावर स्वच्छ एप्रन, हातात यीस्ट आणायचं भांडं. वाटेत त्यांनी मत दिलं, आणि या कायद्याखाली मत देणाऱ्या त्या पहिल्या बाई ठरल्या. इतका मोठा क्षण इतक्या साधेपणाने घडला, हे मला फार भावतं.

१८९० साली राज्य होताना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, या हक्काला विरोध झाला, तरी वायोमिंगने तो सोडला नाही. देशभरासाठी मात्र १९२० उजाडावं लागलं. पुढे १९२५ मध्ये नेली टेलो रॉस इथेच अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या.

आजही जेमतेम पावणेसहा लाख वस्तीच्या या राज्याचे सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन सदस्य आहेत, आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही दोनच.