आजीकडे किंवा पाळणाघरात कापडी डायपर देताना
सांभाळणाऱ्या आजींना, मावशींना जुळवाजुळव करायला लावू नका. ओल शोषणारा पॅड डायपरच्या खिशात सरकवून, बटणं बाळाच्या मापाला लावूनच द्या. ८ तासांना ५, वर १ जादा. दर २-३ तासांनी बदलायचा, शी झाली की लगेच. (लंगोटांची सवय आजींना आहेच, अडतं ते बटणांवर.)

डायपर गळतो तो बहुधा पॅडचं टोक बाहेर डोकावतं म्हणून. ओल तिथूनच झबल्यात उतरते. इलॅस्टिक जांघेच्या घडीत बसवून कडेने बोट फिरवायचं, हे एकदा प्रत्यक्ष दाखवा. कमरेला २ बोटं सैल. तेल-मलम लावलं तर मध्ये सुती फडका हवाच, नाहीतर पॅड तेलकट होऊन शोषेनासा होतो. वापरलेले न भिजवता चेनच्या पिशवीत. साताऱ्याच्या पावसाळ्यात जाड पॅड लवकर वाळत नाहीत, तेव्हा जादा जोड ठेवा.