बाळ हातात घेतलं आणि काहीच वाटलं नाही

तुम्ही विचारलंय: ‘पुढच्या महिन्यात बाप होतोय. सगळे म्हणतात, बाळ हातात आलं की माणूस बदलतो. मला तर आतून काहीच होत नाहीये. माझ्यात काही खोट आहे का?’

असली तर माझ्यातही आहे. माझी मुलगी आता साडेपाच महिन्यांची आहे. ती झाली तेव्हा सिस्टरनी दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो गाडी नो पार्किंगमध्ये लावल्याचा. सासूबाई रडल्या, मेव्हणा रडला. मी त्याच्याशी पेढे की बर्फी यावर बोलत उभा होतो. (मुलगी म्हणून बर्फी, असं त्याचं म्हणणं. पेढेच आणले.)

पुढचे तीन महिनेही फार काही झालं नाही, आणि त्याचं कारण मला नंतर कळलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सासुरवाडी कराडजवळ, मी मोशीत राहतो, नोकरी चाकण एमआयडीसीत, शिफ्टची. सुट्टीच्या आदल्या रात्री एसटी पकडायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत. तिथं बाळाला अंघोळ घालायला बाई, शेक-शेगडी बघायला आजेसासूबाई, रात्री उठायला सासूबाई. मी गेलो की पोहे, चहा, वर डिंकाचा लाडू. तो खरं म्हणजे बाळंतिणीचा, पण जास्त मीच खाल्ले. बाळ बघायला येणाऱ्या पाहुण्यांत आणि माझ्यात फरक एवढाच की मला मुक्कामाला गादी मिळायची.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, ती मला अजून खुपते. सासूबाई सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून मधातून गुटी द्यायच्या तयारीत होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि मध तर वर्षभर नाहीच. बायको मला म्हणाली, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. मी म्हटलं, तुझी आई आहे, तूच बोल. ओली बाळंतीण एकटी आईशी भांडली, दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी तोवर पुण्याची गाडी पकडली होती. बाप म्हणून पहिलं काम समोर आलं आणि ते मी जावईपणाच्या आड लपून टाळलं.

रजेचं म्हणाल तर बायको पतसंस्थेत आहे, तिला २६ आठवडे पगारी. मला काहीच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते, पण खासगी कंपनीनं ती द्यायलाच हवी असा कायदा आपल्याकडे नाही. मी साठलेल्या पीएलमधले, म्हणजे हक्काच्या पगारी रजेतले, सहा दिवस घेतले आणि सगळे बाळाच्या जन्मापासून बारशापर्यंतच उडवले. तिथं माझा उपयोग काय झाला? बारशाच्या घुगऱ्या वाटल्या. तुम्हाला मोजक्याच रजा असतील तर त्या दवाखान्यात घालवू नका, बायको-बाळ घरी येतील त्या आठवड्यासाठी राखून ठेवा.

कारण खरं सगळं तेव्हा सुरू झालं. आल्या दिवशी रात्री अडीचला मुलगी उठली आणि मला सवयीनं वाटलं, कुणीतरी बघेल. बायको तापानं फणफणलेली, आई गावी. बघणारा मीच. डायपर उलटा लावला, पाठीमागून गळून माझ्या बनियनपर्यंत सगळं पिवळं. धुतलं, पुसलं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायला फिरलो. तिनं माझ्या मानेवर दुधाची गुळणी टाकली आणि तिथंच झोपली. मी हललो नाही. सहाची कंपनीची बस चुकली. तुम्ही ज्या ‘वाटण्या’बद्दल विचारताय, ते मला त्या दिवशी, बस चुकल्यावर, भिंतीला टेकून बसलेलो असताना पहिल्यांदा वाटलं. तेही फार मोठं काही नव्हतं. फक्त सुपरवायझरला फोन करताना आवाजात नेहमीची घाबरगुंडी नव्हती.

तेव्हापासून ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, बंद केली. ओटीचा दर दुप्पट असतो, त्यामुळे हे बोलायला सोपं आणि महिनाअखेर अवघड. घराचा हप्ता जातो, मग उरतं त्यात भागवायचं. लाइनवरचे दोघंतिघं म्हणाले, पोरगी झाली तर उलट जास्त करायला पाहिजे, आता खर्च वाढणार. त्यांचंही चूक नाही. माझे वडील हेच करत आले.

आण्णा एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी म्हणजे काय हे शहरातल्यांना कळणार नाही: संध्याकाळी शेवटच्या गावी जायचं, ड्रायव्हर-कंडक्टरनं तिथंच झोपायचं आणि पहाटे तीच गाडी परत काढायची. आण्णांच्या निम्म्या रात्री अशा गेल्या. मी कितवीत आहे हे ते दर वर्षी एकदा विचारायचे. आता रिटायर होऊन आमच्याकडे असतात. मी डायपर बदलायला लागलो की सुरुवातीला संकोचून गॅलरीत जायचे.

एकदा मी मुलीचं पूर्ण नाव कागदावर लिहून बघत होतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढं सरकारी कागदांवर आधी आईचं नाव येतं, मग वडिलांचं, मग आडनाव. आण्णांनी चष्मा लावून वाचलं. म्हणाले, आईचं मधी कशाला? मी नियम सांगितला. बराच वेळ कागद हातात धरून बसले. मग म्हणाले, “माझ्या आईचं नाव रेशनकार्डावर होतं फक्त. तेबी चुकीचं.” आणि उठून गेले.

त्याच आठवड्यात एका रात्री मुलगी काही केल्या गप्प होईना. आण्णा बाहेर आले, “आण इकडं. तुझी फर्स्ट शिफ्ट आहे ना, झोप जा,” म्हणाले. मी आत जाऊन पडलो, पण कान बाहेर. त्यांना अंगाई येत नाही, कधी म्हटलीच नसणार. तिला खांद्यावर घेऊन ते एका संथ सुरात म्हणत होते: स्वारगेट... कात्रज... खेड शिवापूर... कापूरहोळ... शिरवळ...

बायकोची रजा पंधरा दिवसांत संपतेय. पाळणाघर बघितलं, अजून मन होत नाही. मी काही महिने सेकंड शिफ्ट मागितलीय, म्हणजे सकाळी मी आणि दुपारनंतर आण्णा. मिळेल की नाही, सोमवारी कळेल.

रात्रीचं आता आम्ही वाटून घेतलंय. आण्णांकडे ती शिरवळला झोपते. माझ्याकडे खंडाळा, सुरूर, भुईंज, पाचवड करत साताऱ्यापर्यंत जावं लागतं, आणि मधलं एखादं गाव राहिलं की आतल्या खोलीतून आवाज येतो, “कापूरहोळ घेतलं नाहीस.”