तिसरा महिना सुरू आहे, घरात मांजर आहे आणि सासूबाई म्हणतात तिला सोडून ये. खरंच धोका असतो का?

ताई, मांजर राहू द्या घरातच. मी पशुवैद्यक आहे, नागपुरातच प्रॅक्टिस करते, हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. पण तुम्ही पुढे जे लिहिलंय ना, की दिवाळीला सासरी काटोलकडे जायचंय, तिथे शेळ्या आणि म्हैस आहे आणि सासूबाई ताकद येईल म्हणून धारोष्ण दूध प्यायला लावणार आहेत, मला खरी काळजी त्याची वाटून राहिली.

मांजरीचं आधी सांगते. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्माची, म्हणजे पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची. मांजरीला याची लागण पहिल्यांदा होते तेव्हा साधारण एक ते तीन आठवडे तिच्या शी मधून त्याची अंडी पडतात, नंतर सहसा पडत नाहीत, आणि पडलेली अंडी लगेच लागतही नाहीत, त्यांना तयार व्हायला एक ते पाच दिवस जातात. म्हणून लिटरचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला, तोही नवऱ्याने केला, की बहुतेक काम झालं. मांडीवर घेतल्याने, केसांना हात लावल्याने होत नाही. घरातच राहणारी, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारी मांजर असेल तर धोका अजून कमी. माणसाला हे जास्त करून अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि मातीतून येतं, त्यामुळे सांभार (कोथिंबीर), पालक नीट धुवा, कुंड्यांमध्ये हातमोजे घालून काम करा, आणि मटण शिजतंय तेव्हा मीठ बघायला कच्चा तुकडा तोंडात टाकायची सवय असेल तर ती बंद. सावजी रस्सा चांगला रटरटलेला असेल तर बिनधास्त खा (ॲसिडिटीचं तुमचं तुम्ही बघा).

टॉर्च टेस्ट (गरोदरपणात अशा लागणी शोधायची रक्ततपासणी) केली आणि टॉक्सो आयजीजी, म्हणजे त्याविरुद्धची एक अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आलं तर रडत बसू नका. नुसतं आयजीजी म्हणजे बहुतेक वेळा जुनी लागण, शरीर आधीच तयार आहे. आयजीएम ही ताज्या लागणीत दिसणारी अँटीबॉडी, पण ते पॉझिटिव्ह आलं तरी कित्येक महिने तसंच राहू शकतं, अशा वेळी लागण जुनी की नवी ते बघायला डॉक्टर ॲव्हिडिटी टेस्ट करायला सांगतात.

आता शेळ्या. शेळी व्याली किंवा गाभडली (गर्भ पडला) की जार (वार), पाणी, रक्त यात ब्रुसेला, क्यू फीवरचे जंतू, क्लॅमिडिया असं काहीही असू शकतं, आणि यातले काही गरोदर बाईचाही गर्भपात करू शकतात. क्यू फीवरचं तर वाळलेल्या धुळीतूनही श्वासात जातं. तेव्हा दिवाळीत तिकडे शेळी व्यायला आली तर तुम्ही गोठ्यात जायचं नाही, पिल्लू पुसायला पण नाही, आणि त्या कामाचे कपडे तुम्ही धुवायचे नाहीत. जार चुना टाकून खोल पुरायचा, कुत्र्यांपुढे टाकायचा नाही. मी स्वतः प्रेग्नंट असताना ब्रुसेलाची लस टोचायचं काम सहकाऱ्यांकडे दिलं होतं, कारण ती लस जिवंत जंतूची असते, सुई चुकून हाताला लागली तरी लागण होऊ शकते. ही लस गाई-म्हशींच्या मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात, 2019 पासून सरकारी कार्यक्रमातून देतात, म्हशीला वगारी झाली तर घरच्यांना आठवण करा.

ब्रुसेलासारखे जंतू कच्च्या दुधातूनही येतात, म्हणून दूध चांगली उकळी आणून प्या, बस. सासूबाईंशी वाद घालायची गरज नाही, "डॉक्टरांनी उकळून प्यायला सांगितलंय" म्हणा, माझ्या नावावर खपवा.

शेतात गवतात बसू नका, पावसाळ्यानंतर तर नाहीच. 2018 ला आपल्याकडे विदर्भात स्क्रब टायफसने किती हाल झाले आठवत असेल, तो गवतातल्या बारीक किड्यांमुळे होतो. काखेत, कमरेला सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग आणि ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. डॉक्सीसायक्लीन गरोदरपणात शक्यतो टाळतात पण ॲझिथ्रोमायसिन देता येतं.

कुत्रा चावला तर साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजची इंजेक्शनं घ्याच. गरोदर आहे म्हणून थांबणाऱ्या बायका मी पाहिल्यात, काहून थांबतात कोण जाणे, ती लस गरोदरपणात चालते.

आणि गावाहून आल्यावर ताप आला तर तुमच्या गायनॅकला स्वतःहून सांगा की घरी शेळ्या आहेत, ओपीडीच्या गर्दीत ते विचारायचं राहून जातं.